सहल समित्यांना खुले पत्र : यंदा बस अर्डिस्लीला थांबवा

प्रति,
इंग्लंडमधल्या तमाम मराठी मंडळांच्या सहल समित्या

सप्रेम नमस्कार, वि. वि.

उन्हाळी सहल ठरवायच्या बैठका आता सुरू होतील. दर वर्षी यादी साधारण तीच निघते. स्टोनहेंज, बाथ, स्ट्रॅटफर्ड, लेक डिस्ट्रिक्ट, आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांच्यासाठी बिस्टर व्हिलेजची खरेदी. अलीकडे त्यात हे-ऑन-वायची भर पडली आहे. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं आणि त्याची कल्पना वेल्सच्या सीमेवरच्या या गावावरून सुचली, हे कळल्यापासून आपल्या मंडळींना ते गाव बघायचंच असतं. चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की हे-ऑन-वायहून परतणारी बस अर्ध्या तासाच्या आत येणाऱ्या अर्डिस्ली गावात थांबवावी, सगळ्यांना खाली उतरवावं आणि तिथल्या सेंट मेरी मॅग्डलीन चर्चमधलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दाखवावं.

एका कुंडासाठी पन्नास माणसांची बस थांबवायची? हो, त्यासाठीच.

हे कुंड साधारण ११५० सालचं आहे. वालुकाश्माचं, आकार चषकासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. त्याच्या बाहेरच्या अंगावर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. काठाखाली वेणीसारखी गुंफण आणि त्याखाली माणसंच माणसं. एका बाजूला दोन योद्धे लढताहेत. एकाचा भाला दुसऱ्याच्या मांडीत घुसलाय आणि त्या दुसऱ्याने तलवार उगारली आहे. दोघांच्या अंगातले कपडे पायापर्यंत चुण्याचुण्यांचे. गावात असं सांगतात की हे सासरे-जावयाचं भांडण आहे. इथल्या गढीचा मालक राल्फ द बास्करव्हिल याने शेजारच्या क्लिफर्डच्या सरदाराला, म्हणजे स्वतःच्याच सासऱ्याला, द्वंद्वात मारलं, अशी ती कथा. अभ्यासक मात्र इतक्या सहज मान डोलावत नाहीत. चांगल्या-वाइटाची झुंज दाखवण्याची ती त्या काळची रीत असेल, असंही म्हणतात. मला स्वतःला सासऱ्याची गोष्ट आवडते, पण आवडते म्हणून ती खरी ठरत नाही.

योद्ध्यांवरून नजर पुढे नेली की खरं नाट्य दिसतं. क्रुसावर मरण आणि तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान, यांच्या मधल्या काळात ख्रिस्त पाताळात उतरला आणि आदमापासूनच्या जिवांना त्याने तिथून सोडवलं, अशी जुनी श्रद्धा आहे. तोच प्रसंग इथे कोरलाय. ख्रिस्त लांब ढांगा टाकत निघालाय, आणि त्याने एका माणसाचं मनगट पकडलंय. हात धरलेला नाही, मनगट धरलंय. हात धरला तर समोरच्याने सोडवून घेतला म्हणजे सुटतो. मनगट धरलं की सोडायचं की नाही हे धरणाराच ठरवतो. तो माणूस अजून दोरखंडांच्या जाळ्यात अर्धा गुरफटलेला आहे आणि आता बाहेर ओढला जातोय. ज्या पात्रात तान्ह्या पोराला बुडवून बाहेर काढायचं, त्या पात्रावर हाच देखावा का निवडला, हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. जवळच एक भलाथोरला सिंह आहे. त्याचा अर्थ लावण्याच्या फंदात मी पडत नाही. मुलांना सगळ्यात जास्त तोच आवडेल.

बघताना एक युक्ती करा. मोबाइलचा उजेड समोरून मारू नका. समोरून मारला की सगळं सपाट दिसतं. कुंडाच्या कडेला उभं राहून उजेड आडवा पाडा, मग कपड्यांच्या चुण्या, दोरखंडांचे पीळ, एकेक रेघ उठून येते. ज्या लोकांनी हे प्रथम पाहिलं त्यांच्याकडे विजेचे दिवे नव्हते. लहान खिडक्यांतून येणारा तिरपा उजेड आणि मेणबत्त्या, एवढ्यावरच त्यांची भिस्त होती. कोरणाऱ्याने त्याच उजेडाचा अंदाज बांधून छिन्नी चालवली असणार.

वेळ हाताशी असेल तर त्याच दिवशी किल्पेकला जा. तिथलं चर्च अंदाजे ११४० चं. दाराच्या खांबावर चुण्यांच्या कपड्यांतले तसलेच योद्धे दिसतात, म्हणजे एकाच परंपरेतल्या कारागिरांचा हा हात आहे. हेरेफर्डशर आणि आसपासच्या भागात अशी बरीच कामं आहेत. अभ्यासक त्यांना मिळून ‘हेरेफर्डशर घराणं’ म्हणतात. किल्पेकच्या छताखाली बाहेरून दगडी मुंडक्यांची रांग आहे. त्यांतले कुत्रा आणि ससा अगदी हल्लीच्या व्यंगचित्रातले वाटतील. एका शिल्पापाशी आल्यावर मात्र आई-वडिलांना मुलांचं लक्ष दुसरीकडे वेधावं लागेल. कुठलं ते तिथे गेल्यावर कळेलच.

आता मूळ मुद्दा. चर्च म्हटलं की आपण कॅथीड्रलला जातो. उंच छत, रंगीत काचा, तिकीट, कॅफे, टॉयलेट. सगळी सोय असते आणि दीड तासात पाहून होतं. पण कॅथीड्रल हे बिशपचं आणि राजाचं. गावातल्या सामान्य माणसाच्या आयुष्याचा धागा ज्याच्याशी जोडलेला होता ते पॅरिश चर्च, म्हणजे त्या-त्या गावाचं चर्च. त्यात वेदी बदलली, भिंतींवरची चित्रं चुना फासून झाकली गेली, बाकं आली, ऑर्गन आला, छतही पुन्हा बांधलं गेलं, पण पुष्कळ ठिकाणी कुंड तेवढं जुनंच राहिलं. जमीनदाराचं मूल असो की कुळाचं, पाणी याच कुंडातलं. चर्च ऑफ इंग्लंडची आज देशात १६,००० च्या घरात चर्चं आहेत. त्यांतल्या जुन्यांपैकी कुठल्याही एकाचं दार ढकला, आत शिरल्याशिरल्या बहुधा कुंडच भेटतं.

दाराशीच का, यालाही कारण आहे. मध्ययुगात बाप्तिस्म्याचा विधी चर्चच्या दाराबाहेर सुरू व्हायचा. पाद्री तिथे नाव विचारायचा, बाळाच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवायचा, सैतानाला पळवून लावणारे मंत्र म्हणायचा. मग बाळाला आत नेऊन लगेच कुंडापाशी. आत येण्याचा हक्कच मुळी या पाण्यातून मिळायचा, मग कुंड आणखी आत ठेवून कसं चालेल? चर्च ऑफ इंग्लंडचा आजचा नियमही सांगतो की कुंड शक्यतो मुख्य दाराजवळ असावं, त्याला झाकण असावं, आणि त्याचा वापर बाप्तिस्म्याच्या पाण्याखेरीज दुसऱ्या कशासाठीही करू नये.

ही जुनी कुंडं इतकी मोठी का, असा प्रश्न तुमच्या बसमधला कुणीतरी विचारणारच. कारण बाळाला नुसतं शिंपडत नसत, बुडवत असत. तेही तीनदा. आधी उजवी कूस, मग डावी, आणि तिसऱ्यांदा तोंड पाण्याकडे करून. इंग्लंडच्या थंडीत, दगडी इमारतीत, जन्मून एक-दोन दिवस झालेलं पोर. घाई करण्यावाचून इलाज नव्हता, कारण बाप्तिस्मा होण्याआधी मूल गेलं तर त्याला चर्चच्या आवारात पुरता येत नसे. म्हणूनच अगदीच आणीबाणी आली तर दाईनेही पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा, अशी चर्चची मुभा होती. या सगळ्यात आई कुठे असायची? घरी. बाळंतिणीने साधारण चाळीस दिवसांनी शुद्धीचा विधी करूनच चर्चमध्ये यायचं, अशी रीत होती. आपल्या आज्या-पणज्यांना हा सव्वा महिना वेगळा समजावून सांगावा लागला नसता. मूल घेऊन जाणार दाई आणि धर्ममाता-धर्मपिते. मुलगा असेल तर दोन धर्मपिते आणि एक धर्ममाता, मुलगी असेल तर उलट. स्वतःच्या बाळाचं नाव ठेवतानाचा सोहळा आईने पाहायचाच नाही, हे वाचून आपल्या बायकांना राग येईल. येऊ द्या. बारशाच्या गप्पा मारत परतीचा प्रवास चांगला होईल.

कुंडाचा काठ नीट पाहा. पुष्कळ ठिकाणी समोरासमोर दोन जागी दगड फुटलेला किंवा नंतर भरून काढलेला दिसतो. तिथे लोखंडी कड्या होत्या. कुंडातलं पाणी मंतरलेलं असायचं, ईस्टर किंवा पेंटेकॉस्ट या सणांच्या आदल्या दिवशी अभिमंत्रित केलेलं, त्यात पवित्र तेल घातलेलं, आणि ते कितीतरी दिवस तसंच कुंडात असायचं. (त्यासाठी आतून शिशाचं अस्तर आणि तळाला भोक. जुनं पाणी वाहून कुणाच्या पायाखाली जायला नको, म्हणून ते थेट जमिनीत मुरवायचं.) असं पाणी चोरून जादूटोण्याला वापरतात, या भीतीने कँटरबरीचा आर्चबिशप एडमंड याने १२३६ मध्ये फर्मान काढलं की कुंडांना झाकण घालून कुलूप ठोका. पुढे कुलपं गेली, कड्या उपटल्या आणि दगडाचा टवका तेवढा राहिला. माझ्या दृष्टीने बाप्तिस्म्याच्या कुंडावरचं सर्वांत बोलकं कोरीवकाम हा टवकाच. पूजेचं पाणी देवळाबाहेर गेलं की त्याचं काय होतं, याची काळजी आर्चबिशपलाही होती आणि गावातल्या चोरालाही त्याची खात्री होती.

पूर्व इंग्लंडमधल्या मंडळांनी मला दोष देऊ नये म्हणून त्यांच्याकडचंही सांगतो. नॉरफोक आणि सफोकमध्ये पंधराव्या शतकापासूनची अष्टकोनी कुंडं आहेत, त्यांच्या सात बाजूंवर चर्चचे सात संस्कार कोरलेले आणि आठव्या बाजूवर दुसरा एखादा प्रसंग, बहुधा ख्रिस्ताचा बाप्तिस्मा किंवा क्रुसावरचा मृत्यू. अशी चाळीसेक उरली आहेत, आणि एक-दोन सोडली तर सगळी याच दोन परगण्यांत. बाप्तिस्म्याच्या चौकटीत एक छोटं कुंड कोरलेलं असतं, त्यावर पाद्री बाळाला धरून उभा आणि भोवती पाहुणे. कुंडावर कुंड. बहुतेक ठिकाणी चेहरे फोडलेले आहेत. हे काम बाहेरच्या आक्रमकांनी केलेलं नाही, याच देशातल्या धर्मसुधारकांनी केलंय. सतराव्या शतकातल्या राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात विल्यम डाउझिंग नावाचा माणूस सरकारी अधिकारपत्र घेऊन सफोक आणि केंब्रिजशरमधल्या चर्चांत फिरत होता. मूर्ती, चित्रं, क्रूस जे दिसेल ते फोडायचं, आणि रोज त्याची नोंदवही लिहायची. १६४४ मध्ये तो सफोकमधल्या अफर्डला पोचला. तिथल्या कुंडावर लाकडी झाकणाचा मनोरा आहे, अठरा फूट उंचीचा, टोकाला स्वतःची छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त पाजणारा पाणपक्षी. डाउझिंगने वहीत लिहिलं की हे झाकण दिमाखदार आहे, पोपच्या तीन मजली मुकुटासारखं. त्याच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही. तरीही झाकण वाचलं. गावकऱ्यांनी त्याला दुसऱ्या खेपेला दोन तास चर्चच्या दाराबाहेर ताटकळत ठेवलं होतं, याची तक्रारही त्याने वहीत लिहून ठेवली आहे. सटन हू या जुन्या राजदफनाच्या जागेपासून अफर्ड फार लांब नाही; तिकडे बस जातेच.

पुढे पार्लमेंटने १६४५ च्या आपल्या उपासनापद्धतीत बजावलं की पोपच्या काळातल्या त्या जुन्या कुंडांच्या जागी बाप्तिस्मा द्यायचा नाही. कुंडं बाहेर आली. कुणी गुरांना पाणी पाजायला नेलं, कुणी बागेत फुलं लावली. १६६० मध्ये राजेशाही परत आली तेव्हा काही पुन्हा आत आली, काही नवीन घडवली, आणि उरलेली एकोणिसाव्या शतकातल्या हौशी पाद्रींनी परसातून शोधून काढली. स्ट्रॅटफर्डला तुम्ही दर दोन वर्षांनी जाताच. होली ट्रिनिटी चर्चमध्ये सगळे शेक्सपियरच्या थडग्याभोवती गर्दी करतात, फोटो काढतात आणि निघतात. त्याच भागात एक फुटकं जुनं कुंड ठेवलंय. शेक्सपियरचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ ला झाला तो बहुधा त्यातच. तेही मधली कित्येक वर्षं बाहेर बागेत पाणी साठवायला होतं. पुढच्या वेळी गाइडला म्हणावं, दोन पावलं इकडेही.

लेक डिस्ट्रिक्टवाल्यांनो, तुमच्यासाठी ब्राइडकर्क. कॉकरमथला वर्ड्‌सवर्थचं जन्मघर पाहायला जाता, तिथून उत्तरेला जवळच. चर्च एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेलं, पण कुंड बाराव्या शतकातलं. त्या काळात दगडावर नाव कोरलं जायचं ते पैसे देणाऱ्याचं. इथे मात्र कारागिराने स्वतःचं नाव घातलंय, तेही रून या जुन्या लिपीत आणि त्या काळच्या इंग्रजीत. रिकार्थने मला घडवलं आणि या शोभेला आणलं, असं ते कुंडच आपल्या तोंडाने सांगतं. आणि त्याच बाजूला, वेलबुट्टीच्या खाली, हातोडी आणि छिन्नी घेऊन कामाला बसलेला एक छोटासा माणूस. दुसरा कोण असणार?

दक्षिणेकडच्यांसाठी ईस्ट मीऑन सुचवून ठेवतो. पोर्ट्‌समथची जहाजं पाहायला जाता त्याच वाटेवर, पीटर्सफील्डजवळ. तिथलं काळंशार कुंड बेल्जियममधल्या टूर्नेच्या दगडाचं, नदीने आणि मग समुद्राने आणलेलं. त्यावर स्वर्गाच्या बागेतून हाकललेल्या आदमला देवदूत कुदळ कशी चालवायची हे शिकवतोय आणि हव्वा सूत काततेय. शिक्षा झालेल्यांना कामाचं प्रशिक्षण देऊन मगच पाठवायचं, ही पद्धत मला फार सभ्य वाटली.

आपल्यात एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मी टाळत नाही. ‘सहलीला चर्चमध्ये कशाला?’ तोही अमुक एखाद्या चर्चमध्ये नव्हे, थेट बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी. महाराष्ट्राच्या आठवणीत बाप्तिस्मा हा शब्द गोडीने येत नाही, हे मला ठाऊक आहे. वाँटेज गावी सिस्टरांकडे राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुण्यात केवढं वादळ उठलं! त्या वादाची दोन्हीकडची बाजू मला समजते. पण या पत्रातली कुंडं त्या वादाच्या कितीतरी शतकं आधीची, आणि ती कुणाचं धर्मांतर करण्यासाठी घडवलेली नाहीत. गावात जन्मलेल्या प्रत्येक पोराला गावात घेण्यासाठी आहेत. घारापुरीला किंवा वेरूळला जाताना कुणी आपली जात-धर्म तपासून घरातून निघतं का? कोरीव दगड पाहायला जायचं, इतकंच. हात जोडावेसे वाटले तर जोडा, नाही वाटले तरी चालेल. पाद्रीबाईंना दोन्हीची सवय असते.

काही अडचणी मात्र खऱ्या आहेत. छोट्या चर्चमध्ये टॉयलेट बहुतेक नसतं. म्हणून सगळ्यांनी हे-ऑन-वायलाच उरकून घ्या, तिथे सोय आहे. किल्पेकचा रस्ता अरुंद, मोठी बस नको. त्याऐवजी लहान बसगाड्या करा. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा जाऊच नका, शनिवार ठेवा. आधी चर्चला एक ईमेल टाका. एखाद्या शनिवारी लग्न असतं आणि आपले पन्नास जण डबे घेऊन दारात उभे राहिले तर नवरीला काय वाटेल? डबे आत उघडायचे नाहीत, हे तर सांगायलाच नको. कुंडावर पर्स, जॅकेट, गाडीच्या किल्ल्या ठेवायच्या नाहीत. टेबलासारखं दिसतं म्हणून सगळे हमखास ठेवतात. झाकण उचलायचं असेल तर कुणाला तरी विचारून उचला, काही झाकणं अवजड असतात.

प्रवेश फुकट आहे, म्हणून पेटीत पैसे टाकायचे. हे मी आग्रहाने लिहितोय. ही चर्चं चालवायला गावातली मूठभर म्हातारी माणसं असतात. छत गळतं, दुरुस्तीचा खर्च लाखोंच्या घरात जातो, आणि पेटीत कुणीतरी पन्नास पेन्स टाकून जातं. बिस्टरमध्ये आपण एका कॉफीलाही जास्त देतो. मंडळाच्या खर्चात प्रत्येक चर्चमागे शंभर पौंडांची तरतूद सरळ धरा आणि तिकिटाच्या दरातच घाला. खजिनदार कुरकुरतील. त्यांना सांगा की कॅथीड्रलचं तिकीट धरलं असतं तर याहून जास्त झालं असतं.

बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. मार्ग मी आखून देतो: सकाळी हे-ऑन-वाय, दुपारी अर्डिस्ली, चारच्या सुमाराला किल्पेक, रात्री नऊच्या आत घरी. अर्डिस्लीच्या चर्चला ईमेल लिहायचं काम माझ्याकडे द्या. तारीख फक्त सप्टेंबरच्या आतली ठरवा; पुढे दिवस लहान होत जातो आणि आत लवकर अंधारून येतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मंडळाचा एक आजीव सभासद